ठराव झाला म्हणजे सगळे संपले का?

प्रश्न : आम्ही सूर्यमाळच्या बाजूला एका पाड्यावर राहतो. पाड्याला विहीर होणार असे बरेच दिवस ऐकत होतो. आता कळते की ती दुसऱ्याच पाड्याला गेली. विचारायला गेलो तर 'मासिक सभेत ठराव झालाय, आता काही होत नाही' असे सांगितले. ठराव झाल्यावर साध्या माणसाला खरेच काही करता येत नाही का? कोर्टात जाण्याइतके पैसे आमच्याकडे नाहीत. तक्रार केली तर पुढच्या योजनेतून नाव कापतील, अशी भीतीही काही जण घालतात.

उत्तर : तुमच्या एका प्रश्नात तीन प्रश्न आहेत. ठराव बदलतो का? बदलून मागायचा तर कोणाकडे? आणि त्याची किंमत काय मोजावी लागते? पहिल्याचे उत्तर लगेच देतो : बदलतो. ग्रामपंचायतीचा ठराव ही काळ्या दगडावरची रेघ नाही. तो नव्या ठरावाने मागे घेता येतो, वरचा अधिकारी त्याची अंमलबजावणी थांबवू शकतो आणि न्यायालय तो रद्द करू शकते. बाकी दोन प्रश्नांना थोडा वेळ द्यावा लागेल. तो द्यायलाच हवा. मुंबईला पाणी पुरवणारे मध्य वैतरणा धरण ज्या मोखाडा तालुक्यात उभे आहे, तिथल्याच पाड्यांना पावसाळा सरल्यावर काही महिन्यांत हंडे घेऊन डोंगर उतरावा लागतो. तिथे विहीर कुठे खोदायची हा किरकोळ निर्णय नाही.

सुरुवात एका गैरसमजापासून करू. 'सभेत ठरले' असे आपण म्हणतो, पण सभा दोन असतात. मासिक सभा ही सरपंच आणि निवडून आलेल्या सदस्यांची. ग्रामसभा ही गावातल्या सगळ्या मतदारांची, म्हणजे तुमची. मासिक सभेतला ठराव हा पंचायतीचा ठराव असतो, गावाचा नव्हे. म्हणून 'ठराव झालाय' असे कोणी म्हटले की पहिला प्रश्न विचारायचा : कोणत्या सभेत, आणि कोणत्या तारखेला?

दुसरा प्रश्न पैशाचा. विहीर कोणत्या निधीतून होते आहे, यावर निर्णय कोणाचा हे ठरते. वित्त आयोगाचा निधी असेल तर ते काम गावाच्या विकास आराखड्यात असले पाहिजे, आणि तो आराखडा ग्रामसभेपुढे यावा लागतो. नळपाणी योजनेचा भाग असेल तर जिल्हा परिषदेच्या पाणीपुरवठा विभागाचा संबंध येतो. रोजगार हमीतली विहीर असेल तर पंचायत समिती आली. पेसाचा, म्हणजे अनुसूचित क्षेत्रातल्या पंचायतींसाठीच्या कायद्याचा (त्याबद्दल पुढे सांगतो), पाच टक्के अबंध निधी असेल तर हक्क थेट ग्रामसभेचा. लोक बहुतेकदा इथेच अडतात. तक्रार खरी असते, पण ज्याच्या हातात निर्णय नाही त्याच्याकडे जाते आणि चुकीच्या पत्त्यावरच्या चिठ्ठीसारखी तिथेच पडून राहते.

आता तुमच्या भागाची खास गोष्ट. जव्हार आणि मोखाडा हे दोन्ही तालुके राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीतल्या क्षेत्रात येतात. त्यामुळे तिथल्या गावांना १९९६ चा पेसा कायदा लागू आहे, आणि महाराष्ट्राने त्याचे नियम २०१४ मध्ये केले. या कायद्यानुसार गावातली विकासाची कामे आणि योजना सुरू करण्याआधी ग्रामसभेची मंजुरी लागते. लाभार्थी निवडायचे तेही ग्रामसभेनेच. झालेल्या खर्चाचे प्रमाणपत्रही पंचायतीला ग्रामसभेकडूनच घ्यावे लागते. म्हणजे इथे ग्रामसभा ही बसून ऐकण्याची जागा नाही. ती मंजुरी देणारी आणि हिशेब विचारणारी संस्था आहे. तुमची विहीर ग्रामसभेला न विचारता हलवली असेल, तर तुमच्या हरकतीला कायद्याचा भक्कम आधार आहे.

यावर तुम्ही म्हणाल, की ग्रामसभा भरते मोठ्या गावात, आमच्या पाड्याची चार माणसे तिथे बोलणार कशी? ही अडचण कायदा करणाऱ्यांनाही माहीत होती. पेसामध्ये गाव म्हणजे महसुली नकाशावरचे गाव एवढाच अर्थ नाही. आपल्या परंपरेने आपला कारभार चालवणारी वस्ती, वाडी किंवा पाडासुद्धा गाव होऊ शकतो. पाड्यातल्या मतदारांनी तसा ठराव करून उपविभागीय अधिकाऱ्याकडे, म्हणजे तुमच्या बोलण्यातल्या प्रांताकडे द्यायचा. पडताळणी होते आणि जिल्हाधिकाऱ्यांमार्फत पाडा स्वतंत्र गाव म्हणून जाहीर होतो. मग त्याची ग्रामसभा वेगळी भरते. जव्हार, मोखाडा, विक्रमगड भागात वयम् चळवळीसारख्या संघटनांनी लोकांना हा कायदा समजावून देण्याचे काम केले आहे, त्यामुळे जवळपास विचारलेत तर वाट माहीत असलेले कोणी ना कोणी भेटेल. ही वाट आजच्या विहिरीसाठी लांबची आहे, पण पुढच्या प्रत्येक विहिरीसाठी उपयोगाची आहे.

आता काम सुरू करू. सगळ्यात आधी कागद हातात घ्या. तोंडी ऐकलेल्या ठरावाला हरकत घेता येत नाही. माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदा यासाठीच आहे. ग्रामसेवकाकडे (आता या पदाचे नाव ग्रामपंचायत अधिकारी आहे) अर्ज करायचा. अर्जाचे शुल्क १० रुपये. दारिद्र्यरेषेखालील व्यक्तीला पुराव्याची प्रत जोडली की तेही लागत नाही. अर्जात 'विहीर का हलवली?' असे विचारू नका. हा कायदा कारणे वदवून घेण्यासाठी नाही, कार्यालयात असलेले कागद मिळवण्यासाठी आहे. म्हणून असे मागा : त्या मासिक सभेची नोटीस, हजेरी आणि इतिवृत्ताची प्रत, विहिरीच्या कामाच्या प्रशासकीय मान्यतेची प्रत, आणि या कामाला मंजुरी देणाऱ्या ग्रामसभेच्या ठरावाची प्रत.

उत्तरासाठी ३० दिवसांची मुदत आहे. उत्तर आले नाही किंवा अर्धवट आले, तर पुढच्या ३० दिवसांत पहिले अपील करा. तिथेही समाधान झाले नाही तर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरे अपील. मुदत उलटल्यावर दिलेली माहिती फुकट द्यावी लागते, हेही लक्षात ठेवा. मात्र माहिती अधिकाराच्या अर्जाने ठराव रद्द होतो, असे काही लोक समजतात, तसे होत नाही. हा अर्ज फक्त कागद देतो. लढाई त्या कागदाच्या जोरावर पुढे करायची असते.

कागद आले की काय पाहायचे? सगळ्यांत महत्त्वाचा मुद्दा इथेच आहे. 'निर्णय चुकला' आणि 'निर्णयाची रीत मोडली' या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. विहीर या पाड्याला हवी की त्या, यावर दोन्ही बाजूंना बोलण्यासारखे असते, आणि वरचा अधिकारी किंवा न्यायालय त्यात सहसा आपले मत घालत नाही. पण रीत पाळली का, हे कोणालाही तपासता येते. ग्रामसभेची नोटीस सात दिवस आधी लागली होती का? दवंडी दिली होती का? गणपूर्ती झाली होती का? विषय नोटिशीत होता, की आयत्या वेळी घुसवला? ग्रामसभेआधी महिलांची सभा झाली होती का? ग्रामसभेने एका पाड्याचे नाव मंजूर केले आणि मासिक सभेने दुसरे लिहिले, असे झाले आहे का? यातली एक जरी फट सापडली तरी 'आमच्यावर अन्याय झाला' या वाक्यामागे पुरावा उभा राहतो.

मग अर्ज कुठे? पहिली जागा ग्रामसभाच. पुढच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्यावा, असा लेखी अर्ज सह्यांनिशी द्या आणि पोच घ्या. वर्षात किमान चार ग्रामसभा घ्याव्याच लागतात. सबळ कारणाशिवाय त्या न घेणाऱ्या सरपंचाचे पद जाऊ शकते. ग्रामसभेत बोललेले इतिवृत्तात लिहून घ्या, कारण न लिहिलेले बोलणे दुसऱ्या दिवशी उरत नाही.

तिथे ऐकले नाही तर मोखाड्याला पंचायत समितीत गटविकास अधिकाऱ्याकडे, त्यानंतर पालघरला जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याकडे. पंचायतीचा ठराव बेकायदा असेल किंवा त्यातून लोकांना इजा पोहोचण्याची वा शांतता बिघडण्याची शक्यता असेल, तर त्याची अंमलबजावणी स्थगित करण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना ग्रामपंचायत कायद्यानेच दिला आहे. काम सुरू होण्याआधी हा अर्ज गेला तर त्याचा उपयोग होतो. खड्डा खणून बिल निघाल्यावर स्थगितीला अर्थ राहत नाही. समोरासमोर सांगायचे असेल तर लोकशाही दिन आहे : तालुक्याला महिन्याच्या तिसऱ्या सोमवारी, जिल्ह्याला पहिल्या सोमवारी. अर्ज मात्र आधी देऊन ठेवावा लागतो.

प्रत्येक निर्णयाची वाट एकच नसते, हेही सांगून ठेवतो. घरपट्टी चुकीची लावली तर अपील पंचायत समितीकडे जाते. वनपट्ट्याच्या दाव्याची वाट तर पूर्ण वेगळी. ग्रामसभेच्या निर्णयावर ६० दिवसांत उपविभागस्तरीय समितीकडे, आणि तिच्या निर्णयावर पुन्हा ६० दिवसांत जिल्हास्तरीय समितीकडे जाता येते. महाराष्ट्राच्या अनुसूचित क्षेत्रात २०२० मध्ये राज्यपालांच्या अधिसूचनेने त्यावरही विभागीय समितीकडे अपिलाची सोय झाली. आणि तुम्ही जव्हार किंवा मोखाडा शहरात राहत असाल तर वरचे पेसाचे नियम लागू होत नाहीत. तिथे नगरपरिषद आणि नगरपंचायत आहे आणि त्यांचा कायदा १९६५ चा. त्यातही बेकायदा ठराव स्थगित करण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांकडे आहे.

आता पैशाची भीती. कोर्ट ही शेवटची जागा आहे, आणि तिथे पोहोचण्याआधीच अनेक प्रश्न सुटू शकतात. तरीही जावे लागले तर १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार अनुसूचित जमातीच्या व्यक्तीला सरकारी खर्चाने वकील मिळतो. स्त्रियांनाही मिळतो. त्यासाठी उत्पन्न किती हे पाहिले जात नाही. तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करावा. हा हक्क आहे, कोणाची मेहेरबानी नव्हे.

दुसरी भीती नाव कापण्याची. तक्रार केली म्हणून योजनेतून नाव काढण्याचा अधिकार कोणत्याही कायद्याने कोणालाही दिलेला नाही. पेसा क्षेत्रात लाभार्थी ग्रामसभा ठरवते, एखादा सदस्य नाही. तरी भीती खोटी आहे असे मी म्हणणार नाही. लहान गावात रोज तोंडे पाहायची असतात. म्हणून अर्ज एकट्याने न देता पाड्याने मिळून द्या, बायकांच्या सह्या नक्की घ्या, कारण हंडा त्यांच्या डोक्यावर असतो. आणि भाषा माणसाविरुद्ध नको, ठरावाविरुद्ध हवी. 'अमक्याने खाल्ले' असे लिहिले की भांडण होते. 'ग्रामसभेच्या मंजुरीशिवाय काम बदलले' असे लिहिले की उत्तर द्यावे लागते.

तुमच्याकडची एक अडचण कायद्याच्या पुस्तकात सापडत नाही. दिवाळीनंतर अर्धा पाडा वीटभट्टीवर किंवा बांधकामावर जातो. २६ जानेवारीच्या ग्रामसभेला घरी म्हातारी माणसे आणि पोरे उरतात, आणि ३० दिवस, ६० दिवस अशा मुदती मात्र चालूच राहतात. म्हणून १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या ग्रामसभा सोडू नका. भात आणि नागलीच्या दिवसांत माणसे गावात असतात, तेव्हाच विषय मांडा. स्थलांतराला निघण्याआधी अर्जांच्या प्रती आणि पोच गावात राहणाऱ्या एका विश्वासू माणसाकडे ठेवा. पुढचे अपील मुदतीत कोण टाकणार, हेही त्याच वेळी ठरवा.

हे सगळे करून ग्रामसभेचे म्हणणे खरोखर टिकते का? ओडिशातल्या नियमगिरी डोंगराचे उदाहरण पाहा. तिथे बॉक्साइटची खाण व्हायची होती. १८ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की डोंगराशी जोडलेल्या हक्कांचा विचार ग्रामसभांनी करावा. त्या वर्षी १२ ग्रामसभा भरल्या, बाराही ग्रामसभांनी नकार दिला, आणि २०१४ च्या जानेवारीत केंद्राने खाणीला परवानगी नाकारली. त्यातल्या बहुतेक वस्त्या तुमच्या पाड्याएवढ्याच लहान होत्या. त्यांचे चालले, कारण सभा रीतसर भरल्या आणि बोललेले सगळे लिहिले गेले.

मर्यादाही सांगतो. रीत पाळून, सगळ्यांना बोलावून, जास्त तहान असलेल्या पाड्याला विहीर दिली गेली असेल, तर तो ठराव टिकेल, आणि टिकायलाही हवा. मग भांडण सोडून पुढच्या आराखड्यात आपल्या पाड्याचे नाव घालून घेणे हेच शहाणपणाचे. पण हे कागद पाहिल्याशिवाय कळणार नाही. म्हणून या आठवड्यात एवढेच करा : माहिती अधिकाराचा अर्ज लिहा, दोन प्रती काढा, एक कार्यालयात द्या आणि दुसरीवर तारखेसह पोच घ्या. त्या तारखेपासून ३० दिवस मोजायला लागा.