पैसे भरून पुरस्कार घ्यावा का?

प्रश्न : मुलगी चंडीगडला सेक्टर ३२ मधल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला आहे. संशोधनाचे कौतुक प्राध्यापकांच्याच वाट्याला येते, असे ती म्हणते. तिला ‘तरुण संशोधक’ पुरस्काराचा ई-मेल आला आहे, पण आधी शुल्क मागतात. भरू का?
– एक पालक, चंडीगड

उत्तर : शुल्क भरू नका. काम न पाहता पैसे मागणाऱ्या पुरस्काराला वैद्यकीय क्षेत्रात किंमत नाही.

तिचा समज मात्र चुकीचा आहे. चंडीगडमधल्याच पीजीआय या वैद्यकीय संस्थेत संशोधन दिनाला प्राध्यापकांसोबत निवासी डॉक्टरांचेही काम गौरवले जाते. एमबीबीएसच्या मुलांसाठी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची (आयसीएमआर) अल्पकालीन विद्यार्थिवृत्ती १९७९ पासून आहे : दोन महिन्यांचा छोटा प्रकल्प, मार्गदर्शक आपल्याच महाविद्यालयातला, अहवाल मंजूर झाला की प्रमाणपत्र आणि विद्यावेतन. अर्जाच्या तारखा परिषदेच्या संकेतस्थळावर पाहा. प्रस्ताव नामंजूर झाला तरी तो लिहिताना खूप शिकायला मिळते, हे मी आवर्जून सांगेन.

एक पथ्य पाळायला सांगा. नीतिमत्ता समितीची परवानगी हाती येईपर्यंत एकाही रुग्णाची माहिती गोळा करायची नाही. शोधनिबंधावर कोणाचे नाव कितवे, हेही मार्गदर्शकांशी सुरुवातीलाच मोकळेपणाने बोलून घ्यावे. त्यात संकोच कसला?