पाण्याचं मीटर वाचूया, लपलेली गळती शोधूया (दशांश अपूर्णांकाचा घरचा पाठ)



दशांश अपूर्णांकांची वजाबाकी शिकवताना आपण बहुतेक वेळा रुपये-पैशांची उदाहरणं देतो. पैशांत दशांशचिन्हापुढे दोनच घरं येतात. तिसरं घर, म्हणजे सहस्रांश, मुलांना नुसतं पुस्तकातलं वाटतं. पण ज्यांच्या नळाला मीटर आहे त्यांच्या दारातच हा सहस्रांश फिरत असतो, आणि तो म्हणजे बरोबर एक लिटर पाणी.

आधी मीटर नीट बघू. झाकण उघडून काच ओल्या फडक्याने पुसा. इंग्रजी एम आणि त्याच्या डोक्याशी लहानसा ३ दिसेल. हे घनमीटर. एक मीटर लांब, रुंद आणि उंच पेटीत मावतं तेवढं पाणी, म्हणजे १००० लिटर. गच्चीवरची हजार लिटरची टाकी दाखवली की मुलांना हे लगेच पटतं. काळे आकडे पूर्ण घनमीटर सांगतात. लाल आकडे, किंवा लाल काट्यांच्या छोट्या तबकड्या, दशांशचिन्हापुढची घरं दाखवतात. मुलं इथे हमखास चुकतात. काळे ००४१२ आणि लाल ३८६ असले की सरळ "चार लाख बारा हजार तीनशे शहाऐंशी" असं वाचतात. त्यांना लगेच चूक म्हणू नका. ते तेवढे लिटर आहेतच की! एकक बदललं, एवढंच. घनमीटरमध्ये तेच ४१२.३८६.

काट्यांची तबकडी असेल तर काटा दोन आकड्यांच्या मध्ये असताना मागे टाकलेला आकडा घ्यायचा. घड्याळात साडेचारला तास काटा चार आणि पाचच्या मध्ये असतो, तरी आपण चारच म्हणतो ना, तसंच.

मीटर बरोबर दाखवतं का, हेही मुलांनाच तपासू द्या. एक लिटरच्या बाटलीने बादलीत २० लिटरची खूण करा. टाकीच्या आधी जो नळ थेट लाईनवर असतो, त्यावर बादली खुणेपर्यंत भरा. मीटर सुमारे ०.०२० ने पुढे गेलं पाहिजे. पाणी आल्याबरोबर मात्र हा प्रयोग करू नका. रिकाम्या पाइपातली हवा आधी बाहेर पडते आणि तीही मीटर फिरवते.

आता गळती. बहुतेक मीटरांच्या तबकडीवर एक चिमुकली चांदणीसारखी किंवा त्रिकोणी चक्री असते. घरातले सगळे नळ बंद असताना ती हळूहळू जरी फिरत असली, तरी पाणी कुठेतरी जातंय. चक्री नसेल तर दोन वाचनं घ्या. नागपूरचे काही भाग किंवा कराडजवळचं मलकापूर यांसारख्या ठिकाणी जिथे चोवीस तास पाणी आहे, तिथे हे रात्री करता येतं. समजा रात्री ११ ला ४१२.३८६ आणि पहाटे ५ ला ४१२.४२८.

४१२.४२८ − ४१२.३८६ = ०.०४२ घनमीटर = ४२ लिटर

सहा तासांत ४२, म्हणजे तासाला ७, दिवसाला १६८ आणि ३० दिवसांत ५०४० लिटर. ग्रामीण भागासाठी जलजीवन मिशनचं प्रमाण माणशी रोज ५५ लिटर आहे. म्हणजे या घरात तीन न दिसणारी माणसं पाणी वापरतायत! हे वाक्य मुलं घरी जाऊन नक्की सांगतात.

पण आपल्याकडे बहुतेक ठिकाणी पाणी ठराविक वेळेलाच येतं. पाणी गेल्यावर मीटर थांबतं, मग गळती असो वा नसो. शिवाय मीटरला फक्त टाकीपर्यंतचं कळतं. टाकीनंतर काय गळतं, त्याचा त्याला पत्ता नसतो. म्हणून आपल्या घरांसाठी तपासणी दोन भागांत करावी लागते.

पहिला भाग पाणी चालू असताना. टाकीत येणाऱ्या पाइपाचा कॉक बंद करा, थेट लाईनवरचे नळही बंद करा, आणि दहा-पंधरा मिनिटांनी मीटर बघा. पुढे गेलं असेल तर मीटर आणि टाकी यांच्यामध्ये पाइप फुटलेला आहे, बहुधा जमिनीखाली. इथे प्रश्न बिलापुरता नाही. पाणी गेल्यावर पाइपातला दाब संपतो, आणि ज्या फटीतून पाणी बाहेर गेलं त्याच फटीतून आजूबाजूचं घाण पाणी आत येऊ शकतं. शेजारून गटार जात असेल तर ही दुरुस्ती उद्यावर टाकू नका. तोपर्यंत पिण्याचं पाणी उकळूनच घ्या.

दुसरा भाग टाकीनंतरचा. रात्री टाकीत येणारा कॉक बंद ठेवा. टाकीत काठी उभी धरून पाण्याची उंची मोजा, सकाळी कुणी नळ उघडायच्या आत पुन्हा मोजा. (गच्चीवर मोठ्यांनीच जायचं, मुलांनी खाली वहीत आकडे लिहायचे.) टाकी गोल, आतला व्यास १ मीटर आणि पाणी २ सेंटिमीटर उतरलं असेल तर:

३.१४ × ०.५ × ०.५ × ०.०२ = ०.०१५७ घनमीटर, म्हणजे जवळजवळ १६ लिटर

दशांश, वर्तुळाचं क्षेत्रफळ आणि घनफळ एकाच गणितात आलं. सातवी-आठवीला हेच द्या.

आता चोर शोधायचा. माझा पहिला संशय नेहमी संडासच्या फ्लश टँकवर असतो, कारण तिथलं पाणी आवाज न करता भांड्याच्या कडेने उतरत राहतं. टँकमध्ये खायच्या रंगाचे थोडे थेंब टाका आणि वीस मिनिटं फ्लश करू नका. भांड्यात रंग उतरला तर आतलं रबर झिजलंय, किंवा फ्लोट जास्त वर असल्यामुळे पाणी ओव्हरफ्लोच्या नळीतून जातंय. फ्लोट आपल्यालाही खाली करता येतो, रबरासाठी प्लंबरला बोलवा. टँक ठीक निघाला तर बाथरूम, स्वयंपाकघर, गिझर यांचे कॉक एकेका रात्री बंद करून पुन्हा मोजा. ज्या रात्री पातळी उतरत नाही, त्या रात्री बंद केलेल्या लाईनवर गळती आहे. भिंतीला ओल किंवा पोपडे दिसत असतील तर सुरुवात तिथूनच करा.

दुरुस्तीनंतर तीच मोजणी पुन्हा करायला लावा आणि आधीचे व नंतरचे आकडे वहीत शेजारी-शेजारी लिहून घ्या. ज्यांच्याकडे मीटर नाही, त्या मुलांना टाकीचा किंवा फ्लश टँकचा भाग द्या.