आकाशातील लहरी कोणाच्या?



मागच्या पालकसभेनंतर आठवीतल्या एका विद्यार्थ्याच्या आजी आम्हाला भेटल्या. त्यांच्या घरी मराठी वाहिन्या अचानक दिसेनाशा झाल्या होत्या. विचारल्यावर केबलवाला म्हणाला, "इंदूरमध्ये मराठी बघणारे किती? तुमच्या पॅकमध्ये त्या नाहीत." आजींनी आम्हाला विचारले, "आता काहीच करता येणार नाही का हो?" करता येते. कसे, ते समजण्यासाठी आजचा पाठ.

आपल्याकडे तारायंत्राचा कायदा १८८५ सालचा, म्हणजे इंग्रजांच्या काळातला. संदेशवहनाचा विशेष अधिकार त्याने सरकारकडे ठेवला. रेडिओ आणि दूरचित्रवाणीही पुढे त्याच चौकटीत आल्या. त्यामुळे अनेक वर्षे घरात दिसे ते फक्त दूरदर्शन.

ही चौकट हलली ती क्रिकेटमुळे! १९९३ साली बंगालच्या क्रिकेट संघटनेने हीरो कप स्पर्धेच्या प्रक्षेपणाचे हक्क एका परदेशी कंपनीला विकले. असे प्रक्षेपण आमच्याशिवाय कोणाला करता येणार नाही, अशी दूरदर्शनची भूमिका होती. वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि ९ फेब्रुवारी १९९५ रोजी निकाल लागला. न्या. पी. बी. सावंत, न्या. एस. मोहन आणि न्या. बी. पी. जीवन रेड्डी यांचे ते खंडपीठ होते. त्यांनी सांगितले, की रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. त्यांच्यावर सरकारची मक्तेदारी नको आणि त्या खासगी कंपन्यांच्या हाती मोकाट सोडणेही नको. लोकहितासाठी त्यांचे नियमन स्वायत्त संस्थेने करावे. माहिती देणे आणि मिळवणे हा अभिव्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग आहे, हेही न्यायालयाने स्पष्ट केले.

गावची विहीर सगळ्यांची असते, पण पाणी कोणी, कधी, किती भरायचे याचे नियम लागतात. लहरींचेही तसेच. एकाच लहरीवर दोघे बोलू लागले तर कोणाचेच ऐकू येणार नाही. म्हणून नियमन हवे.

१९९५ सालीच केबलसाठी वेगळा कायदा आला. १९९७ साली दूरसंचार नियामक प्राधिकरण, म्हणजे 'ट्राय', स्थापन झाले. कंपन्यांचे आपसांतले व सरकारशी होणारे तंटे सोडवण्यासाठी २००० साली 'टीडीसॅट' हे न्यायाधिकरण आले. २००४ साली केबल व प्रसारण सेवाही ट्रायच्या कक्षेत आल्या. २ फेब्रुवारी २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मोबाइल कंपन्यांचे १२२ परवाने रद्द केले. जनतेची मालमत्ता 'आधी येईल त्याला' अशी वाटता येत नाही, हे त्यामागचे एक मोठे कारण होते. पुढे संसदेने दूरसंचार कायदा, २०२३ संमत केला. १८८५ च्या कायद्याची जागा घेणाऱ्या या कायद्याची काही कलमे जून २०२४ मध्ये लागू झाली.

क्रिकेटप्रेमींसाठी आणखी एक गोष्ट. २००७ च्या कायद्यानुसार राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचे प्रक्षेपण खासगी वाहिन्यांना प्रसार भारतीला द्यावे लागते. मात्र ते दूरदर्शनच्या स्वतःच्या प्रक्षेपकांवर आणि स्वतःच्या डिश सेवेवरच दाखवता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली ठरवले. म्हणून केबलवरच्या दूरदर्शनवर कधी कधी सामना दिसत नाही. टीव्ही बिघडला म्हणून बाबांना दोष देऊ नका!

आता आजींच्या प्रश्नाकडे येऊ. ट्रायचे २०१७ चे नियम २०१९ च्या आरंभी घरोघरी लागू झाले. त्यांनुसार केबलवाल्याच्या किंवा डिश कंपनीच्या यादीत जी वाहिनी आहे, ती ग्राहकाने मागितल्यास सुटी द्यावी लागते. तिची किंमतही जाहीर करावी लागते. कंपनीचा तयार पॅक घेण्याची सक्ती करता येत नाही. म्हणजे "इथे मराठी कोण बघतो" हे उत्तर नियमात बसत नाही.

आम्ही आजींच्या नातवाला कामाला लावले. त्याने कंपनीची पूर्ण यादी मिळवली. आजींना हवी असलेली वाहिनी तिच्यात होती. तक्रार केंद्राला फोन करून त्याने तक्रार क्रमांक वहीत लिहून घेतला. चौथ्या दिवशी वाहिनी सुरू झाली. झाली नसती, तर कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याकडे जाता आले असते. एकेका ग्राहकाची तक्रार ट्राय स्वतः सोडवत नाही, हे लक्षात ठेवावे. पण ग्राहक मंचाचा दरवाजा उघडा असतो. मोबाइल कंपन्यांविरुद्धही ग्राहक मंचात जाता येते, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये दिला आहे.

पिढ्यान्‌पिढ्या आपण महाराष्ट्राबाहेर राहतो. घरातली मराठी टिकवायची, तर ती कानावर पडली पाहिजे. आपण मागितलेच नाही, तर मराठीला मागणी नाही असाच हिशेब मांडला जाणार. विश्वस्त मंडळालाही एक विनंती. २००६ च्या धोरणाने नफा न कमावणाऱ्या संस्थांना सामुदायिक रेडिओसाठी अर्ज करण्याची वाट मोकळी केली. आपल्या संस्थेने या वाटेचा एकदा विचार करावा.

घरी करून पाहा:
१. आपल्या केबलच्या किंवा डिशच्या यादीत किती मराठी वाहिन्या आहेत? प्रत्येकीची सुटी किंमत लिहा.
२. महिन्याच्या बिलात घरात कोणीही न पाहणाऱ्या किती वाहिन्या आहेत, ते मोजा.
३. कंपनी बदलली तरी मोबाइलचा क्रमांक तोच ठेवण्याची सोय देशभर २०११ साली सुरू झाली. त्यापूर्वी लोकांना काय अडचण येत असे, ते आजी-आजोबांना विचारा आणि पाच ओळी लिहून आणा.