मोडलेल्या पुलाचा धडा : रेल्वेबांधणीत प्रतिकृतींचे स्थान

आपल्या शाळेच्या विज्ञान प्रदर्शनांत मी आजवर अनेक प्रतिकृती पाहिल्या. परंतु जी प्रदर्शनात मांडलीच गेली नाही, तीच अधिक स्मरणात राहिली आहे. काही वर्षांपूर्वी आठवीच्या मुलांनी पुठ्ठा, बांबूच्या कामट्या आणि खेळण्यातील रूळ यांपासून एक रेल्वेमार्ग तयार केला होता. पाहुणे येण्यापूर्वी चाचणी घेतली, तेव्हा गाडी पुलावर येताच पूल मधोमध वाकला. मी घाईने तो उचलून कपाटामागे ठेवला आणि त्या जागी पुलाचे रंगीत चित्र लावले. इतिहासाचा शिक्षक असूनही त्या दिवशी मी इतिहासातला एक महत्त्वाचा धडा विसरलो. स्मरणिकेच्या निमित्ताने तो माजी विद्यार्थी आणि पालक यांच्यापुढे मांडत आहे.

प्रतिकृती दोन हेतूंनी केली जाते : एक दाखविण्यासाठी, दुसरी विचारण्यासाठी. पहिली सुंदर असावी लागते. दुसरीने मात्र ‘हे टिकेल का?’ या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर द्यावे लागते, मग ते उत्तर ‘नाही’ असले तरी. रेल्वेच्या इतिहासाला दुसऱ्या प्रकारच्या प्रतिकृतींचे ऋण मोठे आहे.

१८४५ साली रॉबर्ट स्टीफन्सन या इंग्रज अभियंत्यापुढे एक अवघड प्रश्न होता. होलिहेड बंदराकडे जाणारा रेल्वेमार्ग वेल्समधील मेनाय सामुद्रधुनीवरून न्यावयाचा होता. खालून उंच शिडांची जहाजे जात असल्यामुळे नौदल खात्याला कमानीचा पूल मान्य नव्हता. तेव्हा स्टीफन्सन यांनी लोखंडी पत्र्यांची प्रचंड पोकळ नळी करून तिच्या आतून गाडी न्यावी, अशी कल्पना मांडली. मधले दोन गाळे प्रत्येकी ४६० फुटांचे होते. एवढी नळी पूर्वी कोणी केली नव्हती आणि तिचे गणितही कोणापाशी तयार नव्हते.

म्हणून विल्यम फेअरबेर्न यांनी लंडनजवळ मिलवॉल येथे प्रयोग आरंभिले. गोल, लंबगोल, चौकोनी अशा नळ्या भार टांगून मोडून पाहिल्या. त्यांतून दिसले की, चौकोनी नळी अधिक भार सोसते आणि तिचा वरचा पत्रा दाबाने सुरकुतून आधी निकामी होतो. यावरून वरच्या भागात पोकळ कप्प्यांची रचना योजण्यात आली. पुढे मूळ नळीच्या एक-षष्ठांश आकाराची, ७५ फूट गाळ्याची प्रतिकृती उभारली. ती पहिल्यांदा सुमारे साडेपस्तीस टनांच्या भाराखाली खालच्या बाजूस फाटली. जेथे फाटली तेथे दुरुस्ती करून पुन्हा भार चढविला. असे वारंवार केल्यावर, त्या मानाने थोडेच लोखंड वाढवून तीच नळी एप्रिल १८४७ मध्ये ८६ टनांपर्यंत टिकली.

येथे विद्यार्थ्यांनी एक गणित ध्यानात घ्यावे. लांबी, रुंदी, उंची सहापट केली की लोखंडाच्या छेदाचे क्षेत्रफळ ३६ पट होते, पण वजन २१६ पट होते. म्हणजे बळ ३६ पटींनी वाढते आणि स्वतःचेच ओझे २१६ पटींनी. त्यामुळे ‘लहान टिकले म्हणजे मोठेही टिकेल’ असे म्हणता येत नाही. प्रतिकृतीचे उत्तर हिशेबाने वाचावे लागते. तो हिशेब करणारे गणिती ईटन हॉजकिन्सन सावध होते. नळीला वरून साखळ्यांचा आधार असावा, असे त्यांचे मत होते. फेअरबेर्न यांना तो अनावश्यक वाटत होता. मनोरे साखळ्यांच्या सोयीने उंच बांधले गेले. परंतु प्रयोगांनी वाद मिटविला आणि साखळ्या कधीच चढल्या नाहीत. ५ मार्च १८५० रोजी ब्रिटानिया पूल खुला झाला.

या कथेला एक करुण बाजू आहे. प्रतिकृती अखेरची मोडल्यानंतर महिना-दीड महिन्यातच, २४ मे १८४७ रोजी, स्टीफन्सन यांच्याच आराखड्याने चेस्टर येथे डी नदीवर बांधलेला ओतीव लोखंडाचा पूल गाडीखाली कोसळला आणि पाच जण मृत्युमुखी पडले. मिलवॉलची नळी अनेकदा मोडली, पण तेथे कोणत्याही प्रवाशाचा जीव पणाला लागला नव्हता.

पूल स्थिर असतो. धावत्या गाडीची परीक्षा कशी घ्यावी? याचे उत्तर शंभर वर्षांनी जपानने दिले. वेग वाढला की डबे डावी-उजवीकडे नागमोडी हेलकावू लागत. दोष रुळांच्या वेड्यावाकडेपणाचा, अशी समजूत होती. युद्धकाळात विमानांच्या कंपनांचा अभ्यास केलेले तादाशी मात्सुदाइरा यांनी दोष चाकांच्या सांगाड्यातच, म्हणजे बोगीत आहे, असे सांगितले. त्यांनी बोगीच्या लहान प्रतिकृती फिरत्या रुळांवर चालवून ते दाखविले. पुढे कामोनोमिया येथे सुमारे ३२ किलोमीटरचा खराखुरा मार्ग आधी बांधला. त्याचे नावच ‘मॉडेल लाइन’ होते. तेथे ३० मार्च १९६३ रोजी गाडीने ताशी २५६ किलोमीटरचा वेग गाठला. वेगाने बोगद्यात शिरताच हवेचा दाब बदलून कानांना त्रास होतो, हेही तेथेच अनुभवास आले आणि डबे हवाबंद करण्यात आले. १ ऑक्टोबर १९६४ रोजी टोकियो ते ओसाका शिंकान्सेन धावू लागली. त्याच तंत्रावर आधारलेल्या मुंबई-अहमदाबाद मार्गावर आज सुमारे २१ किलोमीटरचा बोगदा होत असून त्याचा सात किलोमीटर भाग ठाणे खाडीखालून जातो.

तथापि प्रतिकृती विचारलेल्याच प्रश्नाचे उत्तर देते, हेही विसरू नये. ब्रिटानिया पुलाला भाराविषयी विचारले होते, आगीविषयी नाही. नळ्यांवर पुढे डांबर लावलेले लाकडी छप्पर होते. मे १९७० मध्ये काही मुलांच्या हातून आत आग लागली, छप्पर पेटले आणि शतकभर गाड्यांचा भार सोसलेल्या नळ्या उष्णतेने वाकल्या. पुढे पूल कमानींवर नव्याने उभारावा लागला.

हे सर्व वाचून पुष्कळ काळानंतर मी कपाटामागचा पूल शोधला. तो सापडला नाही. त्या मुलांना मी ‘पूल कोठे वाकला? का वाकला?’ एवढे दोन प्रश्न विचारले असते, तर ते प्रदर्शन खरोखर विज्ञानाचे झाले असते. मी मात्र अपयश लपविण्याची वस्तू आहे, असे नकळत शिकविले. आता आमच्या प्रदर्शनात मोडलेल्या प्रतिकृतीही मांडल्या जातात आणि शेजारी कारण लिहिलेला कागद असतो. पालकांना विनंती एवढीच की, मुलाचे काही मोडले तर ओरडण्यापूर्वी हे दोन प्रश्न विचारावेत. त्या तुकडीतील कोणी हा लेख वाचत असेल, तर त्याने या शिक्षकाला क्षमा करावी आणि तो पूल पुन्हा एकदा बांधण्यासाठी अवश्य यावे.