मुंबई ते जेद्दा : अंतर किती, वेळ किती?



आपल्या मालेगावातून दरवर्षी पुष्कळ लोक हजला जातात. पूर्वी हाजी मुंबईहून जहाजाने जेद्दा बंदराला जात. त्याला सुमारे आठवडा लागे. ती जहाजे १९९५ साली बंद झाली. आता सगळे विमानाने जातात.

अंतर : आम्ही मुलींनी शाळेतल्या पृथ्वीच्या गोलावर दोरा लावून हे अंतर मोजलं. गोलाचा विषुववृत्तावरचा घेर ८० से.मी. भरला. पृथ्वीचा खरा घेर सुमारे ४०,००० कि.मी. आहे. म्हणजे गोलावरचा १ से.मी. = ५०० कि.मी. मुंबई ते जेद्दा दोरा भरला ७ से.मी.
७ × ५०० = ३,५०० कि.मी.
जहाजाला अरबस्तानाला वळसा घालून तांबड्या समुद्रात शिरावं लागे, म्हणून त्याची वाट लांब. विमान अरबी समुद्र, ओमान आणि वाळवंट ओलांडून जवळजवळ सरळ जाते.

वेळ : विमान उंचावर तासाला सुमारे ८५० कि.मी. जाते. भागाकार केला तर ४ तासांच्या वर थोडा वेळ येतो. पण धावपट्टीवर जाणे, वर चढणे, हळूहळू उतरणे यातही वेळ जातो. म्हणून ५ तास धरावेत. शिवाय मालेगाव ते मुंबई सडकेने सुमारे २८० कि.मी., म्हणजे ६ तास. विमानतळावर ३ तास आधी पोचायचं. बेरीज करा : १४ तास!

घड्याळ : आमच्या शेजारच्या खाला हजला गेल्या. तिकिटावर होतं, सुटणार सकाळी १० ला, पोचणार १२।। ला. घरच्यांनी १२।। पासून फोनची वाट पाहिली. फोन येईना. सगळ्यांचा जीव टांगणीला लागला. फोन आला तीननंतर. विमानाला उशीर झालाच नव्हता! पोचण्याची वेळ तिकिटावर तिथल्या घड्याळाची असते.

गुरुजींनी कारण समजावलं. पृथ्वीला १ अंश फिरायला ४ मिनिटे लागतात. भारताची वेळ ८२।। अंश पूर्व रेखांशाची, तर सौदी अरबची ४५ अंशांची. फरक ३७।। अंश.
३७।। × ४ = १५० मिनिटे, म्हणजे २।। तास.
आपल्याकडे ३ वाजतात तेव्हा तिथे १२।।.

म्हणून पालकांना विनंती : घरचं माणूस परदेशी निघालं की पोचण्याची वेळ आपल्या घड्याळाप्रमाणे काढून भिंतीवर लिहून ठेवा. म्हाताऱ्या माणसांची औषधं तिथे किती वाजता द्यायची, तेही डॉक्टरांना आधीच विचारा. घड्याळ मागे जातं, पण पोटातली गोळी मागे जात नाही.

आता तुम्ही सोडवा : येताना उंचावरचा वारा बहुधा पश्चिमेकडून मागून येतो, म्हणून वेळ कमी लागतो. विमान जेद्दाहून दुपारी १२ ला सुटलं आणि ४।। तासांत मुंबईला आलं. तेव्हा आपल्या घड्याळात किती वाजले असतील?

(उत्तर : सायंकाळचे ७)

— एक विद्यार्थिनी, इयत्ता ७ वी