शाळा आणि मुलांचे मन

(द्वितीय वर्ष, कला)

शाळेने मुलाला काय द्यावे, असे कोणी विचारले तर आपण चटकन म्हणतो, ज्ञान. परंतु ते ज्ञान ज्या मनाने घ्यायचे, त्या मनाचे काय? राग आला तर तो कसा आवरावा, वर्गात हसे झाले तर ते कसे सोसावे, शेजारच्या मुलीच्या डोळ्यांत पाणी का आले हे कसे ओळखावे, हे कोणत्या तासाला शिकवतात? कॉलेजात आल्यापासून हा प्रश्न माझ्या मनात घोळत आहे. त्याचा थोडाफार अभ्यास केला, तोच येथे मांडते.

या विषयाला आता 'सामाजिक-भावनिक शिक्षण' असे नाव मिळाले आहे. अभ्यासक त्यात पाच गोष्टी धरतात : स्वतःच्या भावना ओळखणे, त्यांना आवर घालणे, दुसऱ्याचे मन जाणणे, नाते जोडून ते टिकवणे आणि विचारपूर्वक निर्णय घेणे. १९९६ साली युनेस्कोच्या आयोगाने शिक्षणाचे चार आधारस्तंभ सांगितले. जाणायला शिकणे, करायला शिकणे, एकत्र जगायला शिकणे आणि माणूस म्हणून घडायला शिकणे, असे ते चार. आपल्याकडे २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही बौद्धिक क्षमतेच्या जोडीला सामाजिक, नैतिक व भावनिक क्षमता वाढवणे हे शिक्षणाचे काम मानले आहे. परीक्षा मात्र पहिल्या दोन स्तंभांचीच होते. उरलेले दोन समारंभातल्या भाषणांपुरते राहतात.

मी कोलशेतची. खाडीकाठचे आमचे गाव आगरी-कोळ्यांचे. आता भोवती उंच इमारती उभ्या राहिल्या आहेत. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. पाचवीत असताना गणित कळले नाही म्हणून मी उभी राहिले आणि घरी बोलतो तसे बोलले, "मना नाय समजला." सगळा वर्ग हसला. गुरुजीही हसले. त्यांच्या मनात वाईट काही नसेल. पण त्यानंतर दहावीपर्यंत मी वर्गात एकही शंका विचारली नाही. माझे गणित कच्चे राहिले ते बुद्धीमुळे की त्या हसण्यामुळे, हे मला आजही सांगता येणार नाही.

माझ्या बाकावर बसणाऱ्या मैत्रिणीची गोष्ट याहून मोठी आहे. आई पहाटे मासळी आणायला जाई, म्हणून धाकट्या भावाला सांभाळायला ती घरी राही. हजेरीपटावर तिच्या नावापुढे गैरहजेरी वाढत गेली. तिला दंड झाला, बाकावर उभे केले, पालकांना चिठ्ठी गेली. चिठ्ठी वाचणारे घरात कोणी नव्हते. "का येत नाहीस?" असे तिला कोणी विचारले नाही. मीही विचारले नाही, हे कबूल केले पाहिजे. नववीत ती नापास झाली आणि शाळा सुटली.

हे सारे आठवले ते ताराबाई मोडकांच्या कार्याविषयी वाचताना. ताराबाईंनी गिजुभाई बधेका यांच्यासमवेत १९२६ साली भावनगरला नूतन बाल शिक्षण संघाची स्थापना केली. पुढे १९४५ मध्ये त्या बोर्डीला आल्या आणि तेथे त्यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला होत्या. १९५७ साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर, वारल्यांच्या वस्तीत गेले. कोसबाड तेव्हा आपल्याच ठाणे जिल्ह्यात होते. २०१४ पासून ते पालघर जिल्ह्यात आहे.

तेथली मुले शाळेत येत नसत. त्यांना दंड करण्याऐवजी या दोघींनी ती का येत नाहीत याचा शोध घेतला. मूल वस्तीतून बाहेर पडायला बुजते, तर शाळाच त्याच्या अंगणात भरवली, ती अंगणवाडी. मुले गुरे चारायला जातात, तर शाळा कुरणात नेली, ती कुरणशाळा. मोठ्या मुलींना धाकटी भावंडे सांभाळावी लागतात, म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी आणली. तिला विकासवाडी म्हणत. महागड्या साधनांऐवजी शिंपले, बिया, पाने, खडे वापरले. मुलाच्या घरचे जे आहे ते शाळेत मानाने आले, म्हणजे मूलही मानाने येते. सामाजिक-भावनिक शिक्षण हा शब्द तेव्हा प्रचारात नव्हता, पण आशय हाच होता. हे वाचताना एकच विचार मनात आला : माझ्या मैत्रिणीला विकासवाडी मिळाली असती तर?

कोणी म्हणेल, हे सारे ठीक, पण यात वेळ जाऊन मार्क कमी होणार नाहीत का? २०११ साली अशा २१३ शालेय उपक्रमांचा एकत्रित अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे २ लाख ७० हजार विद्यार्थी होते. असे शिक्षण मिळालेल्या मुलांची वागणूक तर सुधारलीच, शिवाय अभ्यासातही ती पुढे गेली. शंभर मुलांत मधोमध असलेला विद्यार्थी सुमारे अकरा जागा वर सरकावा, एवढा हा फरक होता. यातील बहुतेक शाळा अमेरिकेतल्या, म्हणून तो आकडा जसाच्या तसा आपल्याकडे लावता येणार नाही. पण भेदरलेले मन शिकत नाही, हे कळायला मला माझी पाचवी पुरेशी आहे.

मात्र यासाठी एक नवा विषय आणि नवे पुस्तक काढून भागेल, असे मला वाटत नाही. आमच्या शाळेत मूल्यशिक्षणाचा तास होता. त्या तासाला गणिताचा राहिलेला भाग पुरा होत असे. ही गोष्ट प्रत्येक तासाला, शिक्षकाच्या बोलण्यातून शिकवली जाते. त्यासाठी वर्गात मुले कमी हवीत, शिक्षकांवरची शाळाबाह्य कामे कमी हवीत आणि अध्यापनाच्या प्रशिक्षणात या विषयाला खरी जागा हवी. सगळा दोष एकट्या शिक्षकाच्या माथी मारणे अन्यायाचे होईल.

आपल्यापैकी काही जण उद्या बी. एड. करून शिक्षक होतील. हजेरी घेताना एखाद्या नावाला उत्तर आले नाही, तर फुली मारून पुढे जाण्याआधी दुसऱ्या दिवशी त्या मुलाला जवळ बोलवावे आणि विचारावे, "काल का आला नाहीस, बाळा?" त्याला काही खर्च येत नाही. माझ्या मैत्रिणीला हा प्रश्न कोणी विचारला असता, तर कदाचित तीही आज या कॉलेजात माझ्या बाकावर असती.