माशीने मासा धरायचा, तर काठी कोणती?

प्रथम एक साधा प्रयोग करा. कोंबड्याचे एक पीस घेऊन समोर फेका. कितीही जोर लावा, ते चार हातांवरच गळून पडते. आता तेच पीस तीन मीटर लांब सुती दोरीच्या टोकाला बांधा, दोरी डोक्यामागे नेऊन पुढे झटका. पीस दोरीच्या टोकापर्यंत सहज जाईल. पीस तेच, हातही तोच. मग फरक कशाने पडला? या वेळी आपण पीस फेकलेच नाही. आपण दोरी फेकली आणि पीस तिच्यामागून गेले.

'फ्लाय फिशिंग' या खेळाचे सारे मर्म यात आहे. सुमारे अठराशे वर्षांपूर्वी ईलियन या रोमन लेखकाने मॅसिडोनियातील मासेमारीचे वर्णन केले आहे. तेथील लोक गळाला लाल लोकर व कोंबड्याची पिसे बांधून कृत्रिम माशी बनवीत. नेहमीच्या गळाला शिसे बांधलेले असते. ते पुढे जाते व दोर ओढून नेते. माशीला मात्र वजन जवळजवळ नसतेच. म्हणून वजन दोरातच घालावे लागते.

त्यामुळे नवशिक्याने खरेदीचा विचार काठीपासून नव्हे, तर दोरापासून सुरू करावा. दोराला क्रमांक असतात. ते त्याच्या पहिल्या ३० फुटांच्या (सुमारे ९ मीटर) वजनावरून ठरतात. ५ क्रमांकाच्या दोराचा हा भाग १४० ग्रेन, म्हणजे सुमारे ९ ग्रॅम भरतो. ८ क्रमांकाचा २१० ग्रेन. काठीवरही असाच क्रमांक असतो, आणि दोन्ही क्रमांक जुळलेच पाहिजेत. दोर हलका पडला तर काठी पुरेशी वाकत नाही; जड झाला तर ती अति वाकते व फेक कोसळते. धनुष्याप्रमाणे वाकून सरळ होतानाच काठी दोराला वेग देते, हे ध्यानात ठेवा.

ट्राउटसारख्या माशासाठी शिकायला ९ फूट लांबीची, ५ क्रमांकाची, मध्यम लवचिक काठी चांगली. फार ताठ काठी अनुभवी हातांना शोभते. नवशिक्याला तिचे वाकणे हाताला जाणवत नाही. दोर तरंगणारा व पुढच्या बाजूस जाड असा घ्यावा. पैसे मोजके असतील तर ते चांगल्या दोरावर खर्चावेत, रिळावर नव्हे. लहान माशांसाठी रिळाचे मुख्य काम दोर गुंडाळून ठेवणे, एवढेच.

दोराच्या पुढे निमुळता होत जाणारा पारदर्शक नायलॉनचा धागा असतो. जाडी हळूहळू कमी झाल्यामुळे दोरातील ऊर्जा क्रमाक्रमाने पुढे पोचते व माशी अलगद पाण्यावर उतरते. या धाग्याचे टोकही मोजून निवडतात. ११ मधून त्याचा क्रमांक वजा करा. उत्तर म्हणजे इंचाच्या हजारांशांत जाडी. ५ क्रमांकाचा धागा ६ हजारांश इंच, म्हणजे सुमारे ०.१५ मिलिमीटर जाड असतो. जाड धागा माशाच्या नजरेस पडतो. पण अति बारीकही घेऊ नये. तो तुटू नये म्हणून मासा फार वेळ खेळवावा लागतो, आणि दमलेला मासा पाण्यात परत सोडला तरी पुष्कळदा मरतो. चुकीच्या निवडीची किंमत अशी दुसराच जीव मोजतो. याच कारणास्तव उलटा काटा नसलेला गळ घ्यावा; तो माशाच्या तोंडातून चटकन सुटतो, आणि आपल्या बोटातूनही!

काश्मीरच्या थंड ओढ्यांत १९०० च्या सुमारास ब्रिटनमधून आणलेल्या ट्राउटची वस्ती आजही आहे. तेथे परवाना काढून हा खेळ खेळता येतो. पण पहिला सराव शाळेच्या मैदानावरच करावा. गळाऐवजी लोकरीचा गोंडा बांधावा, डोळ्यांना चष्मा व डोक्यावर टोपी असावी, आणि मागे कोणी उभे नाही हे पाहावे.

आता सांगा पाहू: ८ क्रमांकाच्या काठीवर ५ क्रमांकाचा दोर कोणी फुकट दिला, तर तुम्ही घ्याल का? उत्तर कारणासह लिहा.